दोन अक्षरांनंतर

तक्ता उलटा धरलाय हे ताईच्या लक्षात आलं, तोवर धाकटा हसून हसून लाल झाला होता. हसताना त्याचं डोकं खुर्चीच्या टेकूवरून डावीकडे घसरत होतं आणि उजवा हात खुर्चीच्या दांडीवर टकटक आपटत होता. ताईने तक्ता स्वतःला वाचता येईल असा मांडीवर धरला होता. समोर बसलेल्या धाकट्याला सगळी मुळाक्षरं पाय वर करून उभी दिसत असणार.

"हसतोस काय? आधी सांगायचं नाही का?"

हे ऐकून त्याला आणखीच हसू आलं. धाकट्याला बोलता येत नव्हतं, जन्मापासूनच. हातपाय त्याचं ऐकत नसत, जीभ ऐकत नसे. ऐकायचे ते फक्त डोळे. काहीही सांगायचं तर आधी कुणालातरी हा तक्ता सरळ धरावा लागे, आणि सरळ धरणारा माणूस आत्ता घरात नव्हता.

मामांना तिने मुद्दाम केस कापायला पिटाळलं होतं.

"केस आहेतच कुठे, ताई?" मामा डोक्यावरून हात फिरवत म्हणाले होते. "न्हावी मला लांबून बघूनच हसतो."

"मग दाढी करून या. चहा प्या. सावकाश या."

मामा नात्याने कुणाचेच मामा नव्हते. धाकट्याच्या मदतीला ते कामावर आले तेव्हा आई होती, आणि आईनेच पहिल्या दिवशी त्यांना मामा करून टाकलं होतं. अंघोळ, जेवण, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, रात्री कूस बदलणं, हे सगळं मामांकडे होतं. तक्ताही त्यांनीच आणला. त्याआधी या घरात धाकट्याचे शब्द दोनच होते, हो आणि नाही. मामा तक्त्यावरच्या ओळी एकेक करून म्हणत, "स्वर? क-ख-ग? च-छ-ज?" हवी ती ओळ आली की धाकटा डोळे वर करी. मग त्या ओळीतली अक्षरं, मग काना-मात्रा. डोळे वर म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे नाही. दाराकडे बघितलं म्हणजे आता पुरे. एका वाक्यात चहा गार होई. म्हणून दोन अक्षरं झाली की मामा पुढचा अंदाज करत, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. धाकट्याचा आवाज म्हटलं की ताईला मामांचाच घोगरा आवाज आठवे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

मदतनिसांचा सत्कार करणाऱ्या संस्थेच्या संचालिकाबाईंचा फोन आला तेव्हाही तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"या वर्षी तुमच्या मामांचं नाव आहे," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही दोन शब्द बोला. आणि तुमच्या भावाचे स्वतःचे काही शब्द मिळाले तर काय छान होईल! मामांनाच सांगा ना लिहून घ्यायला."

मग दोघीही एकदमच हसल्या.

"अहो, काय बोलले मी," बाई म्हणाल्या.

मामांनी स्वतःचं कौतुक अक्षर अक्षर करून स्वतःच उतरवून घ्यायचं. मामा इतके भिडस्त की तिसऱ्या अक्षरालाच तक्ता बाजूला ठेवून म्हणाले असते, "सरकार दमलेत आज." धाकट्याला ते सरकारच म्हणत.

फोन ठेवण्याआधी बाईंनी आठवण करून दिली होती, "कार्यक्रम रविवारी आहे. खोलीचंही सोमवारपर्यंत नक्की कळवा. मी किती दिवस रिकामी ठेवणार?"

खोली धाकट्यासाठी होती, संस्थेच्या निवासात. ताई पाणी तपासण्याचं काम करत असे. धरणाजवळच्या नव्या प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी तिच्याकडे येणार होती. अशी संधी तिच्या वयात पुन्हा यायची नव्हती. धाकट्याला तिकडे नेणं शक्य नव्हतं आणि मामांना त्यांचं घर, आजारी बायको सोडून येणं शक्य नव्हतं. निवास तिने दोनदा जाऊन पाहिला होता. उतार पाहिला, न्हाणीघरातल्या आधाराच्या कड्या हलवून पाहिल्या, खिडकीतून काय दिसतं ते खाली बसून, खुर्चीच्या उंचीवरून पाहिलं. येताना सवयीने तिथल्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि तपासलं. पाणी उत्तम होतं.

आणि धाकटा हो म्हणाला होता. तिला नाही, मामांना. त्या संध्याकाळी ती कामावरून आली, चप्पलही काढली नव्हती, आणि मामा दारात येऊन म्हणाले, "हो म्हणतोय, ताई. मी जाईन, तू काळजी करू नकोस, असं म्हणतोय." ताई न्हाणीघरात गेली होती आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली होती.

तिने तक्ता फिरवून धाकट्याकडे केला आणि स्वतः त्याच्या बाजूला, मान वाकडी करून बसली.

"आता सरळ आहे?"

डोळे वर.

"मामांबद्दल काय सांगायचं?"

पहिला शब्द सोपा होता. मामा. तिसरं अक्षर घ निघालं, त्यावर ओ.

"घो? घोडा?"

डोळे मिटले. गालात मात्र हसू होतं.

"मामांचा घोडा कुठून येणार, तेही खरंच. बरं, पुढे." पुढे र आला. "घोर. मामा तुझी घोर काळजी घेतात?"

डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. शेवटचं अक्षर आलं तेव्हा ताईने सगळं जोडून वाचलं.

"मामा घोरतो."

डोळे वर. नुसते वर नाहीत, छताला लागलेले.

"हे भाषणात सांगू?"

वर.

"निदान घोरतात तरी म्हण रे. वयाने मोठे आहेत."

मिटले. मामांच्या तोंडून येणारा धाकटा नेहमी अदबीने बोलायचा. हा कुणीतरी वेगळाच वाटत होता, आणि ताईला तो आवडला. आई असती तर तिने याच्या पाठीत लाडाने धपाटा घातला असता.

"बरं, घोरतो तर घोरतो. पण त्याच्यासोबत मी तुझं ते वाक्य सांगणार आहे. आई गेल्यावर तू म्हणाला होतास ना, 'ताई, आता तूच माझी आई'. मामांनी सांगितलं तेव्हा मी..." तिने वाक्य तिथेच सोडलं. "ते सांगते. लोकांना कळू दे, मामांमुळे मला काय काय ऐकायला मिळालं."

डोळे मिटले.

"लाजतोस काय?"

मिटलेलेच राहिले.

तिने तक्ता जरा खाली घेतला. "तू तसं म्हणाला होतास?"

धाकट्याने डोळे उघडून तिच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले.

खालच्या रस्त्यावर कुणीतरी भांडी लावल्यासारखा आवाज करत पत्रे उतरवत होतं. ताईने उठून खिडकी लावली, परत येऊन बसली. तक्ता सरळ आहे ना ते एकदा बघितलं.

"मग काय म्हणाला होतास?"

आता ती अंदाज करत नव्हती. प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती हेच शिकवायची: तपासायच्या पाण्यात रसायनाचा थेंब पडला की रंग येतो आणि ढवळलं की जातो. तो टिकेपर्यंत थांबायचं. आपल्याला हवा तेव्हा तो आला असं म्हणायचं नाही. आ. ई. च, त्यावर दुसरी वेलांटी. धाकट्याची मान कलली, तिने सावरली, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली, पुन्हा ओळी म्हणायला लागली. उ. मग श. मग पुन्हा दुसरी वेलांटी.

आईची उशी.

ताईने ते मोठ्याने वाचलं नाही. धाकट्याचे डोळे मात्र वर गेले होते आणि तिथेच थांबले होते.

आई गेली त्याच आठवड्यात तिने गादी, उशी, पांघरूण, सगळं देऊन टाकलं होतं. फरशी पुसून घेतली, पडदे धुतले. काय करावं ते सुचत नसलं की ती स्वच्छता करायची.

तिने तक्ता पुन्हा समोर धरला आणि विचारलं, "आणि निवासात जायचं म्हणालास ते? तू हो म्हणाला होतास?"

धाकट्याने डोळे वर केले नाहीत, मिटलेही नाहीत. तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने दाराकडे बघितलं. नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली आणि मामा आत आले. मान भादरलेली, कानांमागे पावडर. तो आता पुरे म्हणाला, की त्याने नुसती मामांची चाहूल ऐकली, हे ताईला कळलं नाही.

*

"उशी?" मामा म्हणाले.

स्वयंपाकघरात ते उभेच होते. हातात चहाची किटली होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, मग पुन्हा उचलली, मग पुन्हा ठेवली.

"त्या दिवशी सरकारच्या डोळ्यांत पाणी होतं, ताई. आई एवढं म्हणाला आणि रडायला लागला. तुम्ही बाहेर बसला होतात, तुमचंही तसंच. मी म्हटलं, ताई आता आईच्या जागी, असंच ना? त्याने डोळे वर केले."

"तो दमला होता."

"दमला की तो हो म्हणतो." मामांनी मान खाली घातली. "मला ठाऊक आहे. ठाऊक असून होतं. अंदाज चुकला तर सांगायला त्याला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. एवढं कोण करणार? तो म्हणतो, जाऊ दे. आणि मला वाटतं, बरोबर ओळखलं."

"किती वेळा झालं असेल असं?"

मामांनी किटलीचं झाकण नीट बसवलं. ताईलाही उत्तर नको होतं. तिने चहा गाळून त्यांच्यापुढे कप ठेवला. रागावलेल्या माणसाने ठेवावा तसा, जरा जोरात.

"मामा, निवासाचं खरं काय ते सांगा. तो हो म्हणाला होता?"

"जाऊ दे ताईला, असं म्हणाला होता."

"आणि मी जाईन, तू काळजी करू नकोस, हे?"

"ते माझं." मामांनी कपाकडे बघितलं. "तुम्ही दारात उभ्या होतात. तुमचं तोंड बघितलं आणि माझ्या तोंडून गोड निघालं."

"माझ्या तोंडाकडे बघायला ठेवलंय का तुम्हाला?"

बोलून झाल्यावर ताईलाच ते लागलं. मामा मात्र शांत होते.

"नाही. पण तुम्हीही याच घरात राहता ना, ताई. दिसतं."

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेरच्या खोलीतून धाकट्याचा घशातला आवाज आला. लघवीचा नव्हे, कंटाळ्याचा. तो फरक मामांकडून ती शिकली होती.

"अजून काहीतरी म्हणाला असेल तो," ती म्हणाली. "जाऊ दे ताईला याच्या आधी. तुम्ही त्याला सरळ विचारलंत ना, जायचं का? त्यावर काय म्हणाला?"

"विचारू नका ते."

"का?"

"तो म्हणाला, ताईला नको सांगू."

"आतापर्यंत न बोललेलं सांगत होतात, आणि बोललेलं सांगणार नाही?"

मामांनी चहाचा घोट घेतला. "आतापर्यंत जे केलं ते चुकलंच. म्हणून आता हेही चुकवू का?" ते दाराकडे वळले. "तुम्हीच विचारा त्याला. मी तिकडे पाठ करून बसतो. एक शब्द बोलणार नाही."

"सत्काराला चाललायत तुम्ही रविवारी," ताई म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळेना.

"कसला सत्कार?" मामा दारातच थांबले. "मला केस कापायला पाठवलंत ते यासाठी होय?"

*

त्या आठवड्यात तक्ता ताईकडे राहिला. सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर ती धाकट्यासमोर बसे. मामा खिडकीपाशी पाठ करून बसत, कपड्यांच्या घड्या घालत. दुसऱ्या अक्षराला त्यांच्या खांद्यांत हालचाल होई. शब्द ओठापर्यंत आलेला असे आणि ते तो गिळत. एकदा गिळता गिळता त्यांना ठसका लागला आणि धाकटा इतका हसला की त्या सकाळी पुढे काही बोलणंच झालं नाही.

धाकटा तिला मोठं काही सांगत नव्हता. पंखा कमी. दाढी टोचते. तू चिडतेस. तिने एखादं अक्षर घाईत पुढे ढकललं की तो डोळे मिटे आणि तिला पहिल्यापासून सुरू करायला लावी, शब्द कितीही साधा असो. एका संध्याकाळी 'खिडकी' एवढ्या शब्दासाठी त्याने तिला चार वेळा मागे आणलं. तिची मान दुखायला लागली, भूक लागली.

"अरे, कळलं मला खिडकी!"

डोळे मिटलेले.

"कशाला छळतोस?"

मामा मान न वळवता म्हणाले, "मी बोलत नाहीये, पण त्याने मला इतकं कधी छळलं नाही."

निवासाचं विचारलं की तो दाराकडे बघे. शनिवारी तिने हात जोडले. "परवा उत्तर द्यायचंय रे. तुला जायचं नसेल तर मी नोकरी सोडते. जायचं असेल तर तसं सांग. पण काहीतरी सांग."

धाकट्याने दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं आणि बाहेर कुणी नव्हतं.

ताईने तक्ता भिंतीला टेकवून ठेवला आणि आत जाऊन पडून राहिली. तिला राग आला होता, आणि रागावायला समोर कुणीच नव्हतं. याच्यावर रागवावं तर कसं, मामांवर रागवावं तर त्यांच्यावाचून उद्या अंघोळ कोण घालणार. निवासातल्या खिडकीतून दिसणारं झाड तिला आठवलं. पाण्याची बाटली आठवली. सगळं नीट तपासलं होतं, असं तिला पुन्हा एकदा वाटून गेलं. मग तिला वाटलं, माझं काय विचारायचं राहिलंय हे या दोघांना ठाऊक आहे आणि मला नाही.

*

सभागृहात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधून चाकाच्या खुर्च्यांसाठी रुंद वाट सोडली होती. ध्वनिक्षेपक मधूनच कुईं करत होता. सत्काराचे मदतनीस पहिल्या रांगेत बसले होते, पाहुण्यांसारखे अवघडून. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सारखा गळ्याशी हात नेत होते.

एकेक घर उठून बोलत होतं. देवमाणूस. आमच्या घरचा आधार. स्वतःच्या लेकरासारखं केलं. ताई सगळं ऐकत होती. खोटं त्यातलं काहीच नसेल. तरी तिला वाटत राहिलं, यातलं किती दोन अक्षरांनंतरचं आहे?

मामांचं नाव पुकारलं तेव्हा ती व्यासपीठाकडे गेली नाही. धाकट्याची खुर्ची तिने मधल्या वाटेत पुढे आणली, ब्रेक लावला, आणि ध्वनिक्षेपक खाली घेऊन स्वतः त्याच्या बाजूला बसली.

"माझ्या भावाला बोलायचंय," ती म्हणाली. "वेळ लागेल."

तक्ता तिने त्याच्याकडे केला. सरळ आहे ना, बघितलं.

पहिलं वाक्य तिला पाठ होतं, तरी तिने प्रत्येक ओळ म्हटली, प्रत्येक अक्षराला थांबली. लोकांनी आधी कौतुकाने बघितलं, मग इकडेतिकडे, मग हातातल्या कागदांकडे.

"मामा घोरतो," ताई म्हणाली.

सभागृह हसलं. मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारच्या एका बाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "खरं बाहेर आलं की हो!"

ताईने ओळी म्हणायला पुन्हा सुरुवात केली. हे वाक्य तिला ठाऊक नव्हतं. मामा. मला. मग व, त्यावर काना. हात तक्त्यावर ठेवून ती पुढच्या अक्षराची वाट बघत राहिली. मान कलली तेव्हा तिने सावरली. मामांचे ओठ हलताना तिला डोळ्यांच्या कडेने दिसत होते.

"मामा मला वाचतो."

टाळ्या सुरू झाल्या. खूप, मनापासून. संचालिकाबाई सन्मानपत्र घेऊन उठल्याही. धाकट्याने डोळे घट्ट मिटले.

"नाही," ताई हात वर करून म्हणाली. "झालं नाही त्याचं."

टाळ्या तुटक होत थांबल्या. बाई उभ्याच राहिल्या.

तिथे, असा शब्द झाला.

"तिथे? व्यासपीठावर यायचंय का त्याला?" बाई मायेने म्हणाल्या. "अहो, घ्या ना कुणीतरी त्याला वर!"

दोघे जण पुढे आले. धाकट्याचे डोळे मिटलेले. ताईने त्या दोघांकडे बघून मान हलवली आणि ते जिथे होते तिथेच थांबले.

आता सगळं सभागृह थांबलं होतं. मागे कुणाचं तरी बाळ रडलं, बाहेर नेलं गेलं. ताईचा आवाज सपाट होत गेला, ओळी, अक्षरं, काना-मात्रा, ओळी. आठवडाभर त्याने तिला असंच मागे आणलं होतं, खिडकीसाठी, दाढीसाठी, पंख्यासाठी. शेवटचं अक्षर झालं तेव्हा तिला दिसलं की तो तिच्याकडे बघतच नाहीये. तो संचालिकाबाईंकडे बघत होता.

ताईने वाचलं.

"तिथे कोण वाचणार?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला अर्थ लागला, कुणाला नाही. बाईंना लागला होता. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"अरे राजा," त्या म्हणाल्या, "तिथे आम्ही सगळे आहोत ना! डॉक्टर आहेत, रात्रीची माणसं आहेत. तुझी सगळी काळजी घेऊ."

डोळे मिटले.

पहिल्या रांगेतून मामा अर्धवट उठले. "म्हणजे बाई, त्याला असं म्हणायचंय की तुमच्याबद्दल त्याला..."

धाकट्याने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. मामांचं वाक्य तिथेच राहिलं. ते खाली बसले. हात मांडीवर ठेवले, मग एकमेकांत गुंतवले.

"त्याला तसं नाही म्हणायचंय," ताई ध्वनिक्षेपकात म्हणाली. तिचा आवाज तिला फार मोठा वाटला. "काळजीचं विचारलं नाही त्याने. कोण वाचणार, एवढंच विचारलंय."

बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. सन्मानपत्र त्यांच्या हातातच होतं. ते कुठे ठेवावं हे न कळून त्यांनी ते मामांच्या मांडीवर ठेवलं आणि धाकट्याच्या खुर्चीसमोर आल्या. त्यांच्या निवासातल्या माणसांची रांग उजवीकडे भिंतीशी होती. त्यांनी तिकडे एकदा बघितलं. तिथली माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.

"मला द्या तो," त्या ताईला म्हणाल्या.

ताईने तक्ता दिला. बाई समोरच्या खुर्चीवर टेकल्या, चष्मा नाकावर सरकवला, आणि अक्षरं स्वतःला नीट दिसावीत म्हणून तक्ता मांडीवर धरला.

"हं. आता कुठून सुरू करायचं?"

धाकट्याच्या गालात हसू फुटायला लागलं. त्याचा उजवा हात दांडीवर टकटक आपटू लागला. ताईचा हात आपोआप तक्त्याकडे गेला. धाकट्याने तिच्याकडे बघितलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तिने हात मागे घेतला आणि थांबली.